कॉम्प्युटरात अडकलेले दोन मोर

परळ, मुंबई
खंडेनवमी, दुपार

श्रीयुत विनीतराव यांस परळहून हेमचंद्र धुरीचा नमस्कार, आणि वयाने मोठा म्हणून वर आशीर्वाद.

नावाला 'श्रीयुत' आणि 'राव' लागलेले बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. तुझी अक्षताताई ठणठणीत आहे, माझी आई तिच्या गुडघ्यांसकट आहे तिथेच आहे, आणि मी लिहितोय म्हणजे मीही आहे. बायकोच्या धाकट्या भावाला इतकी वर्षं 'काय रे विन्या' म्हणणारा माणूस एकदम 'विनीतराव' म्हणतो तेव्हा त्याचं काहीतरी अडलेलं असतं, हे तू ओळखलंच असशील. लहानपणापासून हुशार तू. तर ते पुढे येईलच. आधी रीतीने विचारतो: टोरांटोत थंडी सुरू झाली का? प्राचीची पाठ कशी आहे? तुझ्या बायकोला म्हणावं, शेकत जा, आणि त्या गुबगुबीत गादीवर झोपू नको, खाली झोप. (तिकडची जमीन झोपण्याइतकी गरम असते का, हे मला माहीत नाही. नसेल तर गादीवरच झोप म्हणावं.)

आता तुला प्रश्न पडेल, फोन करायचा सोडून हा माणूस कागदावर पत्र का लिहितोय. अरे, दीड खोलीच्या घरात फोनवर कधी गुपित बोलता येतं का? मी नुसता घसा खाकरला तरी पलीकडून आई विचारते, "काय रे, काय लपयतंस?" मोबाइलवर टाइप करायला जावं, तर माझा अंगठा एका वेळी तीन अक्षरं दाबतो, आणि अक्षता मागे उभी राहून चुका सुधारते. कागद-पेन घेऊन बसलं की कोणाला संशय येत नाही. उलट 'तुझ्या भावाला सणाचं पत्र लिहितोय' म्हटल्यावर तुझ्या ताईच्या डोळ्यांत पाणी आलं बघ. न मागता चहा मिळाला. लिहून झालं की पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो. उठलास की बघशील. लवकर ऊठ.

तर मुद्दा. आमच्या चाळीच्या नवरात्रात दसऱ्याला देवीला शेला घालतात आणि मगच विसर्जनाला काढतात. आजवर हा शेला हिंदमाताच्या दुकानातून यायचा. तयार, चकचकीत, आणि (देवीने क्षमा करावी) दरवर्षी पडद्याच्या कापडासारखा. किती वर्षं तुझी ताई बैठकीत सांगत आली, की मला एकदा करू द्या, माझ्याकडे भरतकामाची कॉम्प्युटरवाली मशीन आहे, अख्ख्या परळचे ब्लाउज मी भरते, तर एक शेला जमणार नाही का? आणि दरवर्षी मंडळाचे अध्यक्ष दौलतराव मिशीतल्या मिशीत म्हणायचे, "बघू या वहिनी, पुढच्या वर्षी." यंदा त्यांच्या तोंडून 'हो' निघालं. नुसतं निघालं नाही, घटस्थापनेच्या दिवशी माइकवरून निघालं: यंदाच्या शेल्याचा मान सौ. अक्षता हेमचंद्र धुरी यांचा! त्या दिवसापासून तुझ्या ताईला आकाश ठेंगणं झालंय. तिने डिझाईन काय केलंय म्हणून सांगू! समोरासमोर दोन मोर, मधे डाळिंबाची फांदी, काठाला कोयऱ्या. कॉम्प्युटरसमोर बसून एकेका पिसाचा रंग ठरवत होती. पोळी करपली तरी उठायची नाही. उद्या दसऱ्याला सकाळी हे डिझाईन पेनड्राइव्हने मशीनला द्यायचं, मशीन दुपारपर्यंत मोर भरणार आणि चारला शेला देवीच्या अंगावर. असं सगळं ठरलेलं. आता ते मोर कॉम्प्युटरात अडकलेत विनीत, आणि ते मी अडकवलेत. तिला अजून माहीत नाही.

(ती आत्ता मागून गेली. वरची ओळ मी हाताने झाकली. परत येतेय म्हणून लिहितो: यंदा झेंडू बरा आहे, सकाळीच दादरला जाऊन आणला. आईचे उपास व्यवस्थित चालू आहेत. इकडची हवा उत्तम. गेली.)

अडकले कसे ते सांगतो. गेल्या खेपेला तू आलास तेव्हा आमच्या कॉम्प्युटरला व्हायरस झाला होता, आणि तू सगळं पुसून त्याच्यावर लिनक्स बसवलंस. पण अक्षताचं भरतकामाचं सॉफ्टवेअर म्हातारं, ते चालणार फक्त जुन्या विंडोजवर. म्हणून तू लिनक्सच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर उभा केलास आणि त्याच्यात जुनं विंडोज नेऊन ठेवलंस. मी म्हटलं, मला कळेल असं सांग. तू म्हणालास, "भावोजी, लिनक्स म्हणजे चाळीचा मालक आणि विंडोज म्हणजे पोटभाडेकरू." हे मला ताबडतोब कळलं. परळात जन्म गेला, पोटभाडेकरू म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. पुढे तू म्हणालास, की या दोघांच्या मधे एक दार असतं, त्याला मॉड्यूल म्हणतात. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, आणि तो नवा आला की चौकटीचं माप बदलतं, जुनं दार बसत नाही, नव्या मापाचं घडवावं लागतं. तेव्हा भावोजी, मला विचारल्याशिवाय अपडेट करायचं नाही. हेही तू सांगितलंस. नाही कशाला म्हणू? पण कांदेपोहे खाता खाता सांगितलंस. महत्त्वाची गोष्ट माणसाच्या हातात बशी असताना सांगू नये, असं माझं आता ठाम मत झालंय.

काल अष्टमी. संध्याकाळी मी विचार केला, उद्या खंडेनवमी, हत्यारांची पूजा. बाबा मिलमध्ये होते तेव्हा त्यांच्या खात्यात साचे, म्हणजे माग, धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पुजायचे. आमच्या घरात आता हत्यारं म्हणजे विळी, अक्षताच्या कात्र्या, तिची मशीन आणि हा कॉम्प्युटर. पूजेला मांडायचा तर स्वच्छ नको? ब्रशने झाडला. कीबोर्ड उलटा करून आपटला (साखर, एक टिकली आणि अर्धा शेंगदाणा). मग मनात आलं, बाहेरून झाला, आतून काय? नवरात्राआधी घर काढतो तेव्हा आपण नुसतं दार पुसून थांबतो का? म्हणून मी अपडेटचं बटण दाबलं. हो, दाबलं. रागावू नकोस, कारण त्यानेच उलट सांगितलं की सगळं आधीच अद्ययावत आहे, करण्यासारखं काही नाही. मला उगीच अभिमान वाटला, की बघा, यंत्र किती टापटीप ठेवलंय आपण! इथे थांबलो असतो तर आज सुखाने श्रीखंडाचा चक्का फेटत बसलो असतो. पण त्याच खिडकीत खाली विचारलं होतं, की जुना कर्नल आणि बाकी काही सामान आता लागत नाही, काढू का? म्हटलं, काढ बाबा, सणासुदीला जुनं घरात कशाला. मग हात लागलाच आहे तर पूर्ण करू, म्हणून तू बसवून दिलेला तो सगळी पॅकेजं दाखवणारा प्रोग्रॅम उघडला आणि ज्याचं नाव ओळखीचं नाही ते काढत सुटलो. जीसीसी? कोण हा? काढ. मेक? काय मेक? काढ. हेडर्स? एवढी जागा अडवून बसलेत, भाडं देतात का? काढ. दर वेळी ते विचारायचं, नक्की? आणि मी म्हणायचो, नक्की. एवढी वर्षं कचेरीत कारकुनी केली, पण इतक्या ठामपणे कधी कशावर सही केली नाही.

मोर पेनड्राइव्हवर काढून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. काल सकाळपर्यंत तुझी ताई आठवण करत होती, मग तिनेही सोडून दिलं. मी केलं असेल असं वाटलं असेल तिला. आज पूजेआधी पटकन काढून टाकू म्हणून विंडोज उघडायला गेलो, तर एक चौकट आली: कर्नलचा ड्रायव्हर बसवलेला नाही, रूट (म्हणजे यंत्राचा कारभारी) होऊन अमुक आदेश चालवा. म्हणजे पोटभाडेकरू आत, मोर त्याच्याकडे, आणि भिंतीला दारच नाही. आदेश कागदावर उतरवून घेतला, चालवणार, एवढ्यात अक्षता ताट घेऊन आलीच. हळद, कुंकू, झेंडूची माळ कॉम्प्युटरच्या डब्याला, आणि कुंकवाचं बोट बरोबर चालू करायच्या बटणावर. त्यावर आईने जाहीर केलं, "आज हत्यारांक हात लावूचो नाय हां. पुजली मगे उद्यापर्यंत तशीच रवांदे." मी म्हटलं, आई, हा नियम आपल्याकडे कधी होता? "तू ल्हान होतंस, तुका काय ठावक?" अरे, मी सत्तावन्न वर्षांचा आहे! लहान होतो हे कबूल, पण सत्तावन्नापर्यंत कधीतरी कानावर आलं असतं ना? पण तुझ्या ताईनेही लगेच री ओढली, की आई म्हणतात ते बरोबर, उद्या सकाळपर्यंत कॉम्प्युटर लावायचाच नाही. झालं! मोर बाहेर काढायला माझ्या हातात एकच दिवस, आणि नेमकी त्याच दिवशी कॉम्प्युटरला सुट्टी.

पहिला प्रयत्न दोघी आरतीला खाली गेल्या तेव्हा केला. देवीची मनातल्या मनात माफी मागितली, माळ डाव्या हाताने वर उचलून धरली आणि उजव्याने बटण दाबलं. आदेश चालवला. ते म्हणालं, या कर्नलचे हेडर्स सापडत नाहीत. काल ज्यांना मी भाडं देत नाहीत म्हणून हाकललं, तेच! चौकटीची मापं म्हणे त्यांच्याकडेच. मोबाइलचं नेट जोडून त्यांना हातापाया पडून परत आणलं. पुन्हा आदेश. आता म्हणतं, जीसीसी नाही, मेक नाही, तर मॉड्यूल घडवू कशाने? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, ती सुताराची हत्यारं होती रे! दार घडवायची. रंधा, करवत, पटाशी. हत्यारांची पूजा साग्रसंगीत व्हावी म्हणून मी आदल्या दिवशी घरातली हत्यारंच फेकून दिली! असला गाढवपणा आमच्या घराण्यात आजवर कोणी केला नव्हता, आणि लक्षात घे, आमच्या घराण्यात शिवाकाकांनी विहिरीत पडलेली घागर शोधायला दुसरी घागर सोडली होती, तीही दोराशिवाय.

तर तीही हत्यारं परत आणली. पडद्यावर अक्षरं धावायला लागली. एवढ्यात माळेतली एक पाकळी पंख्यात गेली आणि डबा तुरतुर वाजायला लागला. खाली आरतीच्या टाळ्या, वर हा. पण मॉड्यूल घडलं! मी खुर्चीतल्या खुर्चीत हात जोडले. जोडले ते जोडलेच राहिले, कारण दार घडलं म्हणजे बसलं असं नाही. कॉम्प्युटर म्हणतो, अनोळखी दार मी लावून घेणार नाही, त्याच्यावर ओळखीची सही पाहिजे. एक पासवर्ड ठरवा, मला बंद करून चालू करा, निळा पडदा येईल, तिथे तोच पासवर्ड देऊन सही नोंदवा. (तू केलेली जुनी सही बहुधा मी कालच्या साफसफाईत घालवली. तिचंही नाव ओळखीचं नव्हतं.) पासवर्ड ठरवला, बंद केलं, चालू केलं, आणि आला निळा पडदा. विनीत, असला निळा पडदा मी आजवर फक्त कॉम्प्युटर मरताना बघितलाय! वर काहीतरी इंग्रजी दम, खाली आकडे उलटे पळतायत, आणि जिन्यात तुझ्या ताईचा आवाज. मी घाबरलो आणि जे सगळ्यात वर होतं ते दाबलं: पुढे चला. ते गेलं पुढे, सही न नोंदवता. आणि ती संधी एकदाच देतात, हुकली की आदेशापासून पुन्हा सगळं. कसाबसा बंद केला, माळ सारखी केली. आईने माझ्या हाताकडे बघितलं. "बोटाक कुंकू कसला?" म्हटलं, देवीच्या पाया पडलो. "हयसून?" (म्हणजे इथून, वर बसून?) म्हणाली, आणि जपमाळ ओढायला लागली.

दुसरा प्रयत्न जेवणानंतर. तुझ्या ताईचं आज काय चाललंय मला कळत नाही, घटकाभर घरात टिकत नाही. सारखं आपलं 'खाली नूपुरकडे हळदीकुंकवाला जाऊन येते'. (नूपुर म्हणजे तळमजल्यावरची नवी सून, तू तिला बघितलेलं नाहीस.) एरवी मी विचारलं असतं, की एका दिवसात किती हळदीकुंकू, कपाळ आहे की देव्हारा? आज म्हटलं, देव पावला. आई बाथरूममध्ये होती. पुन्हा आदेश, पुन्हा पासवर्ड, पुन्हा निळा पडदा. या वेळी मी तयारीत. बरोबर जागी गेलो, सही नोंदवा म्हटलं, त्याने पासवर्ड विचारला, मी दिला. चूक म्हणाला. पुन्हा दिला. चूक. मग आठवलं, कीबोर्ड मराठीवर होता तेव्हा मी पासवर्ड ठरवला होता, 'जगदंबा', चांगला मराठीत. लिनक्सने तो कौतुकाने ठेवून घेतला. निळ्या पडद्याला मात्र मराठी अजिबात येत नाही. मराठी माणसाने अभिमान बाळगावा, पण पासवर्डात बाळगू नये! आईची कडी वाजली आणि मी पुन्हा होतो तिथे आलो.

तेव्हापासून मी हात बांधून बसलोय. कारण आई कॉम्प्युटरच्या बरोबर समोर चटई टाकून आडवी झालीय. डोळे मिटलेत, पण मिटलेल्या डोळ्यांनीच तिने माझं बालपण काढलंय.

(पुन्हा आली. आईची चादर सारखी करून गेली. माझ्याकडे बघून हसली पण. तोंड उतरलेलं वाटलं मला. उपासाने असेल.)

आता उद्याचं सांगतो, म्हणजे मला झोप का येणार नाही ते कळेल. मघाशी दौलतराव अंगणातून ओरडून गेले, "वहिनी, चार वाजता हां!" आणि नंतर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, की हिंदमाताचा एक शेला आणून ठेवलाय, असू द्या जवळ, मशीनचं काही सांगता येत नाही. हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मशीनचं सगळं सांगता येतं, नवऱ्याचं सांगता येत नाही! माझं काय रे, मी बोलणी खाईन, आयुष्यभर खातच आलोय. पण सगळ्या चाळीसमोर तो पडद्याचा शेला देवीला घालतील आणि अक्षता बायकांत खाली मान घालून बसेल, ते मला बघवणार नाही. एवढी वर्षं थांबली ती. कधी तक्रार नाही. या एका गोष्टीसाठी ती लहान मुलीसारखी नाचत होती, आणि मी ब्रश घेऊन बसलो. मला भीती वाटतेय विनीत. खरंच सांगतो, भीती वाटतेय.

बाकी सगळं क्षेम म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. प्राचीला आशीर्वाद, तिच्या पाठीलाही. माझ्यावर तुझा लोभ आहे असं मी धरून चालतो. आजपर्यंत धरण्याची गरज पडली नव्हती.

तुझा, एरवी उद्धट आणि तूर्तास नम्र,
हेमचंद्र भावोजी

ता. क. दुरून आमचा कॉम्प्युटर हातात घेऊन चालवता येतो, हे तू एकदा करून दाखवलं होतंस. आई उठली की मी एक फोटो पाठवीन, फक्त झेंडूचा. तो आला की समज, मैदान मोकळं आहे, आणि ताबा घे.

ता. क. २. खरं सांगू का, दाराचं मी कदाचित माझं मीही करीन. पासवर्ड इंग्रजीत ठेवायचा आणि घाबरायचं नाही, एवढंच राहिलंय. (दुसरं कठीण आहे.) खरं मागणं वेगळंच आहे. तू ताईला फोन कर आणि सांग, की तूच तिकडून काहीतरी अपडेट केलंस आणि चूक तुझी आहे. धाकटा भाऊ आहेस, तुझ्यावर ती रागावूच शकत नाही. तिची नवी पैठणी इस्त्रीने जाळलीस तेव्हासुद्धा तुलाच जवळ घेऊन बसली होती. माझ्यावर चिडते असंही नाही. ती गप्प बसते. दोन दोन दिवस. ते मला सोसत नाही रे. त्यापेक्षा तिने भांडी आपटावीत.

ता. क. ३. दौलतरावांबरोबर आपट्याची पानं आणायला जावं लागतंय, नाही म्हटलं तर संशय येईल. पत्र तांदळाच्या डब्यामागे ठेवून जातो. आलो की फोटो काढतो.

(हे पान वेगळं आहे.)

विनू,

मी ताई. तांदळाच्या डब्यामागे पत्र लपवणाऱ्या माणसाने कधीतरी तांदूळ काढायला हवे होते. सगळं वाचलं. त्यांच्या पानांचे फोटो मीच काढून तुला पाठवतेय, हे पानही त्यातच. ते आले की पुन्हा पाठवतील, तेव्हा पहिल्यांदाच वाचतोयस असं दाखव.

आता ऐक. काल दुपारी मी मोरांवर शेवटचा हात फिरवत होते, तेव्हा ती चौकट आली, अपडेट करू का म्हणून. आठवडाभर येत होती मेली, ऐन कामात आडवी. मी वैतागून 'हो' म्हटलं. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला आणि जुनं विंडोज उघडेचना. त्यांना संध्याकाळी सगळं आधीच अद्ययावत का दिसलं, कळलं ना? कर्नल मी बदलला. त्यांनी पुढे साफसफाई केली ती केलीच, पण मुळात दार मी घालवलं. तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही. त्यांना कळू नये म्हणून मीच आईंना सांगितलं, की आज हत्यारांना हात लावायचा नाही असं म्हणा. आईंनी का म्हणून विचारलंही नाही. नियम कसला डोंबलाचा! या घरात पुजलेल्या विळीवर त्याच दुपारी भाजी चिरतात.

नूपुरकडे मी हळदीकुंकवाला जात नाही. तिच्याकडे फ्रेम लावून मोर हाताने भरतेय. एक मोर झालाय मानेपर्यंत, काठ नूपुर भरतेय. बोटं सुजलीत. दुसरा मोर माझ्याच्याने होणार नाही. नाही झाला तर एकाच मोराचा शेला घेऊन मी उभी राहणार. देवीला विचारून आले, ती काही बोलली नाही, म्हणजे तिला चालतंय. दौलतरावांचा पडदा मात्र तिच्या अंगाला लावू देणार नाही.

तुला दुरून जमलं तर कर, दोन मोर होतील. नाही जमलं तर राहू दे. पण उठल्या उठल्या फोन मला करू नकोस, त्यांना कर, आणि चूक तुझी होती म्हणून सांग. माझी नको, त्यांचीही नको. सकाळपासून धड जेवले नाहीत ते. ताट चिवडून उठले. अक्षर बघ कसं आलंय त्यांचं.

आणि मी रागाने गप्प बसते असं इतकी वर्षं त्यांना वाटतंय, हे मला आज या पत्रातून कळलं. अरे, मला त्या वेळी बोलायला सुचत नाही, एवढंच असतं ते. हे मात्र तू त्यांना सांगू नकोस. उद्या सोनं देताना मीच सांगते.

ताई